न ऐकू येणाऱ्या गाण्यांच्या मागे : दादर, गिरगाव, लालबाग

सायलीच्या हळदीचं आमंत्रण आलं तेव्हा जायचं नाही असं मी मनात पक्कं केलं होतं. हळद लालबागच्या चाळीत होती, आणि लालबागची हळद म्हणजे बेंजो, ढोल, ताशे आणि चार तास गाणी. मला गाण्यांपासून लांब राहायचं होतं.

या ब्लॉगवर दोन वर्षं काही आलं नाही, त्याचं कारण आधी सांगून टाकते. मला मेंदूज्वर झाला. त्यातून उठले, पण दोन्ही कान गेले. थोडे नव्हे, पूर्ण. मग उजव्या बाजूला शस्त्रक्रिया झाली. आता कानाच्या वर कातडीखाली एक यंत्र आहे आणि बाहेर, कानामागे, दुसरं. ते काढलं की जग बंद, लावलं की सुरू. बोलणं समजायला लागलं, फोनवरही जमतं. पण गाणं परत आलं नाही. सूर आत पोचतच नाहीत. ज्या गाण्यांवर मी वाढले ती लावली की पत्र्यावर कुणी चमचे ओतल्यासारखं वाटतं. दोन-चार महिने प्रयत्न केला, मग सोडून दिला.

सायली माझी कुणी नातेवाईक नाही. माझी कॉलेजची मैत्रीण नयना मुंबईत करी रोडला राहते, तिच्या दिराची ही मुलगी. सांगलीला इंजिनीअरिंगला होती, आणि चार वर्षं दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायची. तिचा मेसेज आला, 'मावशी, तू नाही आलीस तर मी समजून घेईन. पण मला वाईट वाटेल.' पाठोपाठ नयनाचा आला, 'दोन दिवस आधीच ये. हळद नुसतं निमित्त आहे. तुला फिरवते.'

नवऱ्याने, सुनीलने, मेसेज वाचला आणि बसचं तिकीट काढलं.

शुक्रवारी सकाळी सहाच्या बसने निघाले. सांगलीहून मुंबईला रात्रीच्या गाड्या भरपूर आहेत, पण दिवसाचा प्रवास बरा. साताऱ्याच्या पुढे एकदा नाश्त्याला आणि पुण्यानंतर एकदा जेवायला गाडी थांबते, आणि वाटेत काही अडकलं नाही तर साडेतीन-चारपर्यंत दादर येतं. दादर टीटीला नयना उभी होती. बारीक झाली होती, केस पांढरे ठेवले होते. मिठी मारून झाल्यावर ती एक पाऊल मागे सरली आणि माझ्यासमोर तोंड करून सावकाश म्हणाली, "कसा झाला प्रवास?"

"एवढं हळू बोलू नकोस गं. नेहमीसारखं बोल."

"थँक गॉड," ती म्हणाली आणि जी सुरू झाली ती प्रभादेवीपर्यंत थांबली नाही.

प्रभादेवीला तिच्या बँकेतल्या एका मैत्रिणीचं घर रिकामं होतं, तिथे माझी सोय होती. करी रोडच्या घरात लग्नाची माणसं भरली होती. सामान टाकून आम्ही परत दादरला आलो. दादर पश्चिमेला साबुदाणा वडा आणि पियुष घ्यायचं असेल तर पाचच्या आत जा, नंतर बसायला जागा नसते. वडा गरम होता आणि दाण्याच्या चटणीत साखर जरा जास्त होती. मी खात असताना नयनाने पर्समधून दोन तिकिटं काढून टेबलावर ठेवली.

जुन्या सिनेमांच्या गाण्यांचा वाद्यवृंद, नाट्यगृहात, साडेसहा वाजता, तिसरी रांग.

"रागावू नकोस," ती म्हणाली. "मला वाटलं, मोबाइलवर नाही जमत, पण समोर माणसं वाजवत असतील तर जमेल कदाचित."

मी रागावले नाही. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

पडदा उघडला. पंधरा-सोळा वादक, दोन गायक, दोन गायिका. पहिल्या गाण्याच्या आधी निवेदक बोलला ते सगळं कळलं. मग व्हायोलिनं सुरू झाली आणि मला वाटलं कुणीतरी मोठ्या काचेवर खिळे ओढतंय. गायिकेचे ओठ हलत होते. शब्द अर्धे कळत होते, चाल अजिबात नाही. आजूबाजूला पाहिलं तर लोक डोळे मिटून बसलेले. मागच्या रांगेतल्या आजोबांना हुंदका आला असावा, कारण गाणं संपल्यावरच्या शांततेत त्यांच्या बायकोचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "अहो, रुमाल घ्या. वरच्या खिशात आहे."

सातशे माणसांच्या त्या सभागृहात एकटी मी कोरडी होते. मध्यंतरात मी नयनाला म्हटलं, तू बस, मी बाहेर थांबते. ती बसली नाही. आम्ही चालत शिवाजी पार्कला गेलो आणि कट्ट्यावर टेकलो.

"माझी चूक झाली," नयना म्हणाली.

"नाही. बरं झालं. मला कळलं तरी, की आता हे माझ्यासाठी नाही."

"असं नको ना म्हणूस."

मी पर्समधून मोबाइल काढला. मी तिला सांगितलं नाही, पण मनात बसचं परतीचं तिकीट बदलता येईल का याचाच विचार चालू होता.

माझ्यासारखं यंत्र लावून फिरणाऱ्यांसाठी इथेच एक सूचना. नाट्यगृहात पुढची जागा घेऊ नका. बाजूच्या स्पीकरचा मारा थेट येतो आणि यंत्र सगळंच एकसारखं दाबून टाकतं. मधल्या भागात, आवाजाचं नियंत्रण करणारे बसतात त्यांच्या जवळची जागा मागा. मला हे दुसऱ्या दिवशी गिरगावात, नयनाच्या मामांकडून कळलं.

शनिवारी सकाळी नयना म्हणाली, "प्रमोदमामाकडे जायचंय. आईचा भाऊ. तुला माहीत आहे ना, रेकॉर्डिंगमध्ये होता तो?"

मला अंधुक आठवत होतं. टॅक्सीने गिरगावला गेलो. मीटरने येतात, घासाघीस करावी लागत नाही, फक्त आधी सुट्टे जवळ ठेवा. नाश्त्याला मिसळ खाल्ली. कोल्हापुरी मिसळीची सवय असेल तर ती गोडसर वाटेल, पण बटाट्याची भाजी घातलेली असते आणि पोट भरतं. तिथून खोताची वाडी पाच मिनिटांवर. लाकडी जिन्यांची, निळ्या-पिवळ्या कठड्यांची घरं सगळे बघायला जातात. जरूर जा, पण तिथे माणसं राहतात हे विसरू नका. आम्ही उभ्या होतो तेवढ्यात एका पर्यटकाने थेट कुणाच्या तरी व्हरांड्यात पाय ठेवून फोटो काढला. आतून एक बाई शांतपणे म्हणाली, "चहा पण घेऊन जा आता." तो बिचारा खाली उतरला.

मामांचं घर वाडीच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. वय चौऱ्याहत्तर, अंगात बाह्यांचा बनियन, चष्मा कपाळावर. चाळीस वर्षं त्यांनी वेगवेगळ्या स्टुडिओंत गाणी ध्वनिमुद्रित केली. सिनेमाची थोडी, बाकी सगळी कॅसेट कंपन्यांची : कोळीगीतं, लग्नातली गाणी, नव्वदच्या दशकात आलेले पॉप अल्बम. बहुतेक विसरले गेलेले.

त्यांनी माझ्या कानामागचं यंत्र बघायला मागितलं. मी काढून हातात दिलं. ते उलटसुलट करून बघत काहीतरी विचारत होते. मी हसून माझ्या कानाकडे बोट दाखवलं. ते ओशाळले आणि यंत्र परत दिलं.

"किती वाहिन्या आहेत आत?" मी यंत्र लावल्यावर त्यांनी विचारलं.

"बावीस."

"बावीस," ते म्हणाले. "म्हणजे पियानोला बावीसच पट्ट्या. आणि त्याच्यावर तुला आख्खं गाणं वाजवून हवंय." त्यांनी नयनाकडे पाहिलं. "आणि हिने तुला नेलं कुठे, तर सोळा वादकांच्या कार्यक्रमाला."

मामांनी त्यांचा संगणक सुरू केला. जुन्या टेपा त्यांनी हौसेने त्यावर उतरवून ठेवल्या होत्या. पडद्यावर वीस-बावीस आडव्या रेघा दिसल्या. प्रत्येक रेघ म्हणजे एक वाद्य किंवा एक आवाज, वेगळं वेगळं साठवलेलं. "हे एका अल्बममधलं गाणं. चाललं नाही. गाणारी लोरेटा, इथलीच, वाडीतली. तू ऐकलेलं नसणार. तेच बरं."

त्यांनी सगळ्या रेघा बंद केल्या. एकच चालू ठेवली.

आधी काहीच नव्हतं. मग एक श्वास.

तो मला इतका स्पष्ट ऐकू आला की मी मागे वळून पाहिलं. कुणीतरी माझ्या खांद्याशी उभं राहून श्वास घेतल्यासारखा. मग आवाज आला. चाल कळली असं म्हणणार नाही. पण तो बाईचा आवाज होता, चमच्यांचा नव्हता. ती कुठे शब्दावर रेंगाळते, कुठे शब्द पटकन टाकून देते, ओळीच्या शेवटी आवाज कसा कोरडा होतो, सगळं कळत होतं. दुसऱ्या कडव्याच्या आधी तिने पुन्हा श्वास घेतला, अडखळत, दोन तुकड्यांत. माझे डोळे भरून आले.

मामांनी मग ढोलकी जोडली. अजून ठीक होतं, उलट बरं वाटलं, आवाजाला पायाखाली जमीन मिळाली. मग बास गिटार. चाललं. मग त्यांनी कीबोर्डवरची व्हायोलिनं जोडली आणि सगळं पुन्हा चिखल झालं. मी हात वर केला. त्यांनी लगेच ती रेघ बंद केली आणि कागदावर काहीतरी लिहून घेतलं, एखाद्या डॉक्टरसारखं.

"मामा," मी म्हटलं, "त्या बाईला काय झालं होतं? दुसऱ्या कडव्याच्या आधी?"

"कुठे?"

"तो श्वास. तिला रडू येत होतं का?"

मामा हसले. "छे. सकाळपासून आठवा टेक होता. वरण-भात जेवून आली होती आणि मी तिला बसू दिलं नव्हतं. दम लागला होता तिला."

मी जरा हिरमुसलेच. त्यांच्या ते लक्षात आलं.

"ऐक," ते म्हणाले. "निर्माता म्हणाला होता, तो श्वास कापा, खराब वाटतो. मी कापला नाही. मला माहीत होतं तिला दम लागण्याशिवाय काही झालेलं नाही, तरी ऐकताना मलाही तिथे पोटात तुटायचं. तिने गाण्यात जे ठेवलं ते वेगळं, मी जे शिल्लक ठेवलं ते वेगळं, आणि तू जे आणलंस ते वेगळं. तीनही लागतात. लाइव्ह कार्यक्रमात श्वास येतो आणि जातो. इथे तो तीस वर्षं तसाच थांबलाय, कुणीतरी येऊन ऐकेपर्यंत."

"ती आता कुठे असते?" नयनाने विचारलं.

"वसईला. शाळेत शिकवते. तिला हा अल्बम आठवतही नसेल."

जेवायला मामींनी वालाचं बिरडं केलं होतं. निघताना मामांनी एका पेन ड्राइव्हवर सहा गाणी दिली, नुसता आवाज आणि ढोलकी. जिना उतरताना मी नयनाला म्हटलं की तिकीट बदलायचा विचार मी कालच करत होते. ती म्हणाली, "मला माहीत होतं. तू कट्ट्यावर मोबाइलमध्ये बसवाल्यांची वेबसाइट उघडून बसली होतीस."

रविवारी दुपारी लालबाग. मसाल्याच्या गल्लीत मिरच्या कुटायची यंत्रं चालू असतात. नाकाला रुमाल लावूनच जा, नाहीतर शिंकून जीव जाईल. मालवणी मसाला तिथूनच घ्या आणि समोर कुटून घ्या. मी किलोभर घेतला. तिथून सायलीची चाळ दोन गल्ल्या सोडून. समोर करी रोडचे मनोरे उभे आहेत, त्यातल्याच एकात नयनाचं घर. चाळीच्या मधल्या चौकात मांडव होता आणि पाच वाजता हळद सुरू झाली.

सायली पिवळ्या साडीत पाटावर बसली होती. मला बघितल्यावर उठायला लागली तशी बायकांनी तिला दाबून बसवलं. मी जवळ जाऊन गालाला हळद लावली.

"मावशी, त्रास झाला तर वर आमच्या घरी जाऊन बस हं," ती म्हणाली. "मी बेंजोवाल्यांना सांगितलंय, जरा हळू वाजवा."

"ते हळू वाजवतील का?"

"नाही," ती म्हणाली.

खरंच नाही वाजवलं. मांडवाच्या कडेला दहा जणांची पार्टी उभी होती. बेंजो ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : आडवं तारांचं वाद्य, त्यावर टाइपरायटरसारख्या कळा, आणि आवाज थेट मोठ्या स्पीकरमध्ये. गिरणगावात कोणतंही नवं गाणं लोकांच्या अंगात येतं ते आधी याच वाद्यावरून. माझ्या यंत्राला मात्र ते अजिबात झेपेना. पहिल्याच गाण्याला डोकं भणभणलं. मी भिंतीशी गेले, यंत्र काढलं आणि पर्समध्ये ठेवलं.

सगळं बंद झालं. माणसं नाचत होती, तोंडं उघडत-मिटत होती, आणि आवाज शून्य. मी वर जायला जिन्याकडे निघाले, तेव्हा पायाला काहीतरी कळलं. चौकातल्या शहाबादी फरशीतून ढोल वर येत होता. आधी तळव्यात, मग पोटऱ्यांत. मी थांबले. मांडवाच्या बांबूवर हात ठेवला तर बांबूही थरथरत होता, त्यात ताशाची बारीक कडकड वेगळी लागत होती.

तेवढ्यात नयनाच्या सासूबाई समोर आल्या. ऐंशीच्या पुढचं वय, मूळच्या मालवणच्या, गिरणीत नवरा होता तेव्हापासून याच चाळीत. त्यांनी मला काहीतरी विचारलं. मी 'नाही' अशी मान हलवली आणि कानाला हात लावला. त्यांनी ते बाजूला सारल्यासारखा हात केला, माझं मनगट धरलं आणि मला ओढत मध्ये नेलं.

त्या नाचत होत्या म्हणजे जागेवर उभ्या राहून गुडघे वाकवत होत्या. पण मनगटावरची त्यांची पकड ठोक्याबरोबर घट्ट-सैल होत होती. मी त्यांच्याबरोबर वाकायला लागले. भोवती पन्नास-साठ माणसं एकदम उजवीकडे झुकत होती, एकदम डावीकडे. मग ठोका थांबला. सगळ्यांनी हात वर केले, सगळ्यांची तोंडं एकाच वेळी एकाच आकारात उघडली, आणि मी ते ओठ वाचले. आम्ही कॉलेजला होतो तेव्हा प्रत्येक लग्नात, प्रत्येक गॅदरिंगला वाजलेलं गाणं होतं ते. पुढची ओळ मला माहीत होती. पुढचं कडवं माहीत होतं. चाल यंत्राला पकडता येत नव्हती, पण डोक्यात ती जशीच्या तशी होती, दोन वर्षं मी तिथे बघितलंच नव्हतं.

मी गायला लागले. मला माझा आवाज ऐकू येत नव्हता. छातीत लागत होता तेवढाच. सासूबाई माझ्याकडे बघून हसत होत्या, सायली पाटावरून बघत होती आणि तिचा मेकअप खराब होत होता.

ते गाणं संपल्यावर मी यंत्र लावलं. नयना घामाघूम होऊन शेजारी उभी होती.

"कशी गायले?"

"भयंकर," ती म्हणाली. "एक सूर जागेवर नव्हता. पण तालात होतीस."

सासूबाईंनी मला पदराने वारा घातला. "तुका विचारलेलंय, पाय दुखतत काय. तू मान हलवलंस. म्हटलंय, मग चल."

सोमवारी लग्न लागलं आणि मंगळवारी संध्याकाळी मी सांगलीला पोचले. सुनील बस स्टँडवर आला होता. चहा पिताना मी त्याला सगळं सांगितलं, मामा, श्वास, फरशी. मग म्हटलं, "मी गाणी सोडल्यापासून घरात गाणं वाजलेलं नाही. मी तुला कधी बंद कर म्हटलं नव्हतं."

"नाही म्हणालीस."

"मग तू ऐकतच नाहीस?"

"ऐकतो. ऑफिसातून आलो की खाली गाडीत. दहा मिनिटं. काचा वर करून."

"रोज?"

"रोज नाही. बहुतेक."

दुसऱ्या दिवशी तो यायच्या वेळेला मी खाली जाऊन उभी राहिले. गाडी आली, मी दार उघडून शेजारी बसले. त्याने घाईने आवाज कमी केला. मी त्याचा हात बाजूला केला. कोणतं गाणं होतं ते मला ओळखू आलं नाही. व्हायोलिनं होती, म्हणजे चिखल होताच. मी दारावर तळवा ठेवला. सुनीलने माझ्याकडे तोंड वळवलं आणि प्रत्येक ओळ यायच्या जरा आधी ती मला बोलून दाखवायला लागला. सूर न लावता, साधी, वर्तमानपत्र वाचावं तशी.

तिसऱ्या ओळीला मला गाणं कळलं. मी त्याला थांबवलं नाही. तो शेवटपर्यंत सांगत राहिला.